ब्यूटी पार्लरमधील जैववैद्यकीय कचरा

ब्यूटी पार्लर, केशकर्तनालय आणि गोंदण-टोचणीची दुकाने यांतील काही कामांत ग्राहकाच्या त्वचेला छेद जातो किंवा साधनाचा रक्ताशी संबंध येतो. अशा कामांतून उरणाऱ्या टाकाऊ वस्तू, त्या वेगळ्या काढण्याची व साठवण्याची रीत आणि त्यांच्यावरील अंतिम प्रक्रिया यांचा विचार या नोंदीत केला आहे. दाढीची वापरलेली ब्लेड, कान-नाक टोचण्याच्या सुया, मुरूम व ब्लॅकहेड काढताना वापरलेल्या लॅन्सेट (लहान टोकदार पाती), मायक्रोनीडलिंगचे (त्वचेत बारीक सुया टोचण्याच्या प्रक्रियेचे) कार्ट्रिज, भुवया कोरण्याच्या मायक्रोब्लेडिंगची पाती, तसेच रक्त किंवा पू लागलेले कापसाचे बोळे, गॉज, वॅक्सच्या पट्ट्या आणि हातमोजे हे या कचऱ्याचे नित्याचे घटक होत. कापलेले केस व नखे यांची गणना सामान्य घनकचऱ्यात होते. केसांचे रंग, ब्लीच, अ‍ॅसिटोन इत्यादी रसायनांचा प्रश्न वेगळा असून तो येथे घेतलेला नाही.

संकल्पनेचा विकास : रुग्णोपचारातून निघणारा कचरा हा कचऱ्याचा स्वतंत्र वर्ग मानण्याची पद्धत फार जुनी नाही. तिचा आरंभ साधारणपणे १९८० च्या दशकात धरता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १९८३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे रुग्णालयीन कचऱ्यावर तज्ज्ञांची बैठक घेतली. अमेरिकेत १९८७-८८ च्या सुमारास न्यू जर्सी व न्यू यॉर्कच्या किनाऱ्यांवर सिरिंज वाहून आल्या, लोकक्षोभ उसळला आणि १९८८ मध्ये वैद्यकीय कचऱ्याचा माग ठेवणारा कायदा झाला. तज्ज्ञांची चर्चा आधी झाली असली, तरी कायदेशीर बंधनाच्या दृष्टीने दुसरी घटना अधिक परिणामकारक ठरली, असे मानणे युक्त दिसते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डॉ. बी. एल. वढेरा विरुद्ध भारत संघ या दिल्लीतील कचऱ्याविषयीच्या खटल्यात १९९६ मध्ये निर्देश दिले. त्यानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली जुलै १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम निघाले. त्यांची जागा २८ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. या सर्व टप्प्यांवर नियमकर्त्यांसमोर रुग्णालय होते, पार्लर नव्हते.

व्याख्येचा प्रश्न : पार्लरमधील कचरा या नियमांच्या कक्षेत येतो की नाही, हा या विषयातील मुख्य वादाचा मुद्दा आहे. २०१६ च्या नियमांची व्याख्या कृतीवर आधारलेली आहे. माणसांचे किंवा प्राण्यांचे निदान, उपचार वा लसीकरण करताना, त्यासंबंधीच्या संशोधनात, जैविक पदार्थांच्या निर्मितीत वा चाचणीत किंवा आरोग्य शिबिरांत निर्माण होणारा कचरा म्हणजे जैववैद्यकीय कचरा, असे ती सांगते. नियम ज्यांना लागू आहेत त्यांच्या यादीत रुग्णालये, दवाखाने, पशुवैद्यकीय संस्था, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, आयुष रुग्णालये, रक्तदान शिबिरे आणि शाळांतील प्रथमोपचार कक्षसुद्धा आहेत. मात्र केशकर्तनालय वा ब्यूटी पार्लर यांचा उल्लेख नाही. शब्दशः अर्थ लावणाऱ्यांच्या मते सौंदर्यवर्धन हा उपचार नव्हे; त्यामुळे पार्लरमधील रक्त लागलेला बोळा हा नगरपालिकेच्या घनकचऱ्याचाच भाग ठरतो. उलट बाजूचा आधार असा की, हा कचरा ‘कोणत्याही स्वरूपात’ निर्माण करणाऱ्या, गोळा करणाऱ्या वा हाताळणाऱ्या सर्व व्यक्तींना नियम लागू आहेत आणि त्यापुढील यादी ‘यांसह’ या धर्तीची, म्हणजे उदाहरणादाखल आहे. परंतु कचरा व्याख्येत बसतो हे आधी सिद्ध झाल्याशिवाय यादीच्या विस्ताराचा उपयोग होत नाही, ही या युक्तिवादाची मर्यादा होय.

ब्रिटनमधील १९९२ च्या नियंत्रित कचरा विनियमांतील व्याख्या येथे तुलनेसाठी उपयोगी पडते. तिच्या पहिल्या भागात मानवी वा प्राणिज ऊती, रक्त, शरीरद्रव, औषधे, बोळे, पट्ट्या, सुया आणि इतर धारदार साधने यांची गणना करून, निर्धोक केल्याशिवाय ज्यांच्या संपर्काने इजा होऊ शकते असा कचरा, अशी कसोटी दिली होती. वैद्यकीय, दंतवैद्यकीय वा तत्सम व्यवसायाचा निर्देश दुसऱ्या भागात येत होता. वस्तूचे स्वरूप आणि कामाचे ठिकाण या दोन कसोट्या अशा रीतीने वेगळ्या ठेवल्यामुळे टोचणीच्या दुकानातील सुई पहिल्या भागातच बसत असे. शिवाय इंग्लंडमध्ये १९८२ च्या स्थानिक शासन कायद्याखाली गोंदण, कान टोचणे व इलेक्ट्रोलिसिस (विजेच्या सुईने केस काढणे) करणाऱ्यांची नोंदणी होऊ शकते, आणि २००३ च्या कायद्याने शरीराच्या इतर भागांची टोचणी व अर्धस्थायी रंगभरणही त्यात आले. भारतीय व्याख्येत वस्तुस्वरूपाची स्वतंत्र कसोटी नाही. प्रस्तुत नोंदीत मात्र तीच कसोटी ग्राह्य मानली आहे, कारण सुईवरील रक्तातील विषाणूला ती दवाखान्यात वापरली की पार्लरमध्ये याने फरक पडत नाही, आणि ती सुई उचलणाऱ्या हातालाही पडत नाही.

पार्लरमध्ये वैद्यकीय स्वरूपाचे काम होत असल्यास वादाला जागा उरत नाही. रक्त काढून त्यातील प्लेटलेटयुक्त द्रव त्वचेत सोडणे (पीआरपी), बोटुलिनम विष (बोटॉक्स) वा त्वचेला भर देणारे फिलर टोचणे ही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाची कामे आहेत. ती जेथे होतात ती जागा, फलकावर काहीही लिहिलेले असले, तरी उपचाराची जागा ठरते आणि तेथील कचऱ्याला २०१६ चे नियम पूर्णपणे लागू होतात. खाटा नसलेल्या अशा ठिकाणांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची एकदाच घ्यावयाची अनुमती आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी (अनेक ठिकाणांच्या कचऱ्यावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या केंद्राशी) जोडणी आवश्यक असते. वार्षिक अहवाल ३० जूनपूर्वी द्यावा लागतो.

धोक्याचे स्वरूप : रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंपैकी हेपटायटिस बीचा विषाणू या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा आहे. तो शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. दूषित सुई टोचल्यावर लस न घेतलेल्या व्यक्तीस त्याची बाधा होण्याची शक्यता सुमारे ६ ते ३० टक्के मानली जाते. हेपटायटिस सीच्या बाबतीत ती २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी आणि एचआयव्हीच्या बाबतीत सुमारे ०.३ टक्का आहे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. त्यानंतरच्या जनजागृतीमुळे, बहुधा १९९० च्या दशकात, केशकर्तनालयांत दगडावर परजलेला वस्तरा मागे पडून दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे ब्लेड वापरण्याची पद्धत रूढ झाली. या बदलाने ग्राहकाची सुरक्षितता नक्कीच वाढली. मात्र पूर्वी वर्षानुवर्षे चालणाऱ्या एका वस्तऱ्याच्या जागी रोज अनेक धारदार तुकडे टाकून देण्याची वेळ आली, आणि त्यांच्या विल्हेवाटीकडे तेवढे लक्ष दिले गेले नाही. रक्त थांबवण्यासाठी एकच तुरटीचा खडा सर्वांना फिरवण्याची सवयही काही ठिकाणी टिकून आहे.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील प्रकरण या संदर्भात आवर्जून नोंदवावे लागते. तेथील एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपीसह मायक्रोनीडलिंग करून घेतलेल्या तीन स्त्रियांना एचआयव्हीची बाधा झाल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. २०१८ च्या तपासणीत वेष्टन काढलेल्या सिरिंज ओट्यावर, खणांत आणि कचऱ्याच्या डब्यात सापडल्या होत्या. नावपट्टी नसलेल्या रक्ताच्या नळ्या होत्या आणि स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये खाद्यपदार्थांसोबत रक्ताच्या नळ्या व इंजेक्शने ठेवलेली होती. वापरलेली व न वापरलेली वस्तू जेथे एकाच खणात राहते, तेथे ग्राहकाची सुरक्षितता आणि कचऱ्याची विल्हेवाट हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत.

वर्गीकरण व हाताळणी : २०१६ च्या नियमांत चार रंग ठरवले आहेत. पार्लरमध्ये त्यांपैकी पांढऱ्या, पिवळ्या व लाल रंगांचा संबंध येतो. निळा रंग काचेच्या वस्तूंसाठी असल्याने फुटलेली अ‍ॅम्प्युल वा औषधाची कुपी असेल तरच लागतो. सुया, लॅन्सेट, ब्लेड आणि सुई जोडलेली सिरिंज यांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, भोक न पडणारा व छेडछाड करता न येणारा डबा लागतो. तो तीन चतुर्थांश भरल्यावर बंद करावयाचा असतो. सुईला दोन्ही हातांनी पुन्हा टोपण बसवू नये, कारण बरेच अपघात याच क्षणी होतात. वापरलेले ब्लेड खुर्चीजवळच, त्याच हाताने डब्यात जावे. कागदात गुंडाळून बाजूला ठेवलेले ब्लेड शेवटी केराबरोबर झाडले जाते. रक्त लागलेला कापूस, गॉज व वॅक्सच्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे लाल पिशवीत जातात. प्लॅस्टिक जाळल्यास, विशेषतः क्लोरिनयुक्त असल्यास, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणून लाल पिशवीतील वस्तू न जाळता निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला पाठवायच्या असतात. कापडी वॅक्सपट्ट्या धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत लहान पार्लरमध्ये आढळते. रक्त लागलेली पट्टी तरी त्यातून वगळणे अगत्याचे आहे.

साठवणुकीच्या मुदतीबाबत एक बारकावा सहसा दुर्लक्षित राहतो. ४८ तासांची मर्यादा सर्व कचऱ्याला लागू असल्याचा समज आहे. प्रत्यक्षात नियमाच्या मजकुरात ती मानवी व प्राणिज अवयव, दूषित कापूस-कपडा आणि जैवतंत्रज्ञानातील कचरा यांच्यासंबंधी आहे. धारदार वस्तूंचा त्यात निर्देश नाही. त्यामुळे महिन्याकाठी मूठभर सुया निघणाऱ्या पार्लरला सुरक्षित डबा पुरेसा भरेपर्यंत ठेवता येतो, बोळे मात्र ठेवता येत नाहीत. हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हेपटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस देण्याचे बंधन नियमांत आहे. सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. पार्लरमधील ‘स्टरलायझर’ म्हणून विकली जाणारी निळ्या दिव्याची पेटी कचरा वा साधने निर्जंतुक करण्यास पुरेशी नाही, कारण तिचे किरण जेथे थेट पडतात तेवढ्याच पृष्ठभागावर परिणाम करतात.

अंतिम प्रक्रिया : ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्राची सेवा उपलब्ध असल्यास स्वतःच्या जागेत प्रक्रिया करण्यास मनाई आहे. केंद्रात पिवळ्या पिशवीतील कचरा दोन कक्षांच्या भट्टीत, पहिल्या कक्षात किमान ८०० आणि दुसऱ्यात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमानाला जाळतात. धारदार वस्तू ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेचे पात्र) किंवा कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करून, तुकडे करून वा काँक्रीटमध्ये बंदिस्त करून, लोखंडाच्या भट्ट्यांकडे वा ठरवून दिलेल्या खड्ड्यात पाठवल्या जातात. गुरुत्वप्रवाही ऑटोक्लेव्हसाठी १२१ अंश तापमान असल्यास ६० मिनिटे असे प्रमाण नियमांत दिले आहे.

महाराष्ट्र व गोवा : नियमांच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या पार्लरसाठी घनकचऱ्याची व्यवस्था हाच मार्ग राहतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया, सिरिंज व दूषित गॉज यांना घरगुती घातक कचऱ्यात घातले, परंतु ‘घरगुती’ या शब्दाने दुकाने पुन्हा अधांतरी राहिली. मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी व विशेष काळजी घ्यावयाच्या कचऱ्याच्या स्वतंत्र संकलनाची नोंदणी सुरू केली आणि तिच्यात गृहसंकुले व महिला वसतिगृहांबरोबर ब्यूटी पार्लरचा नावाने समावेश केला. व्याख्येच्या वादात न शिरता वस्तूच्या धोक्यावरून वाट काढणारी ही व्यवस्था अनुकरणीय म्हणावी लागेल. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅडच्या पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम राबवली. तिचा रोख पॅडवर असला, तरी आतील वस्तू न उघडता ओळखता यावी हे तिचे तत्त्व ब्लेडच्या डब्यालाही लागू पडते. गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीत सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. आठवडी बाजारात झाडाखाली बसणारे कारागीर आणि घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी मात्र वेगळी संकलन व्यवस्था नियमांत सांगितलेली नाही. त्यांचा कचरा ग्राहकाच्या घरातून घंटागाडीत जातो. अशा वेळी जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद बाटलीत ब्लेड व सुया घालून, वर ठळक अक्षरांत ‘धारदार वस्तू’ असे लिहून ती सुक्या कचऱ्यापासून वेगळी, थेट सफाई कामगाराच्या हाती सांगून देणे हा उपलब्ध उपायांपैकी सर्वांत कमी धोक्याचा उपाय आहे.