दान पडल्याशिवाय नियम कळत नाही: गेम अभ्यासातल्या कार्यशाळांची पार्श्वभूमी

गेम अभ्यास आणि परस्परसंवादी तंत्रज्ञानाच्या परिषदांमध्ये व्याख्यान, प्रात्यक्षिक आणि कार्यशाळा ही तिन्ही रूपं आज एकाच वेळापत्रकात दिसतात. पण ती वेगवेगळ्या घरांतून आली आहेत. कार्यशाळा सर्वांत उशिरा आली, आणि या विषयाला सर्वाधिक तिनेच दिलं.

प्रात्यक्षिकाची परंपरा संगणकवाल्यांची. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे हजार श्रोत्यांसमोर ९० मिनिटं माउस, हायपरटेक्स्ट (दुव्यांनी जोडलेला मजकूर) आणि दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर केलेलं काम दाखवलं. संगणक सभागृहात नव्हताच. तो सुमारे ४८ किलोमीटरवर, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता. संशोधन नुसतं सांगायचं नाही, चालवून दाखवायचं, हा पायंडा त्यानंतर घट्ट झाला. मात्र अशा प्रात्यक्षिकात यंत्र बनवणाऱ्याच्याच हाती असतं. ते चालतं एवढं कळतं, परक्याला जमेल का हे कळत नाही.

व्याख्यानाचं मूळ आणखी जुनं आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळाला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन बसवलं. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ असे चार गट पाडले. दोघांच्याही विवेचनात संगणक नव्हता. खेळ आणि संगणक या दोन्ही बाजू जवळ आल्या त्या १९८२ मध्ये अमेरिकेतल्या गेथर्सबर्गच्या परिषदेत. तिथे थॉमस मॅलोन यांनी आव्हान, कल्पनाविश्व आणि कुतूहल हे गेममधले तीन गुण इंटरफेस रचणाऱ्यांनी उचलावेत, असं मांडलं. मग १९८८ मध्ये गेमकर्ते ख्रिस क्रॉफर्ड यांच्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस गेमकर्ते जमले. आजची गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स त्या बैठकीतून वाढली. विद्यापीठीय बाजू स्थिरावायला २००१ उजाडलं. त्या वर्षी ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक सुरू झालं आणि एस्पेन आर्सेथ यांनी ते या विद्याशाखेचं पहिलं वर्ष असल्याचं लिहिलं. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला डिग्रा या डिजिटल गेम संशोधकांच्या संस्थेची पहिली परिषद भरली. गेम म्हणजे कथा की नियम, हा वाद त्या काळात बराच गाजला. त्यातून शब्दसंपदा मिळाली. गेम कसा दुरुस्त करायचा, हे मात्र फारसं मिळालं नाही.

ते मिळालं २००१ ते २००४ दरम्यान सॅन होझेतल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये झालेल्या गेम डिझाइनच्या कार्यशाळेत. तिथे शिकवताना घडत गेलेली मांडणी हुनिकी, लेब्लांक आणि झुबेक यांनी २००४ मध्ये एमडीए (मेकॅनिक्स, डायनॅमिक्स, एस्थेटिक्स) या नावाने प्रसिद्ध केली. तिचे थर तीन: नियमांची यंत्रणा, खेळताना त्यातून उमटणारं वर्तन आणि खेळणाऱ्याला येणारा अनुभव. रचनाकाराचा हात फक्त पहिल्या थरापर्यंत पोचतो, खेळणारा मात्र तिसऱ्या थरातून आत येतो. आधी टेबल आणि मग सिद्धान्त, हा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे.

टेबलावर हे कसं दिसतं? ३० घरांची शर्यत घ्या: चार खेळाडू, चार सोंगट्या, एक फासा. नियम असा की जो पुढे असेल त्याने पडलेल्या दानात १ वाढवून चालायचं. साध्या दानाची सरासरी ३.५, पुढच्याची ४.५. म्हणजे दर फेरीला अंतर सरासरी एका घराने वाढतं. पुढचा साधारण सातव्या दानाला घरी पोचतो, तेव्हा बाकीचे पंचविसाव्या घराच्या आसपास असतात. चौथ्या फेरीलाच मागच्या दोघांचं लक्ष उडालेलं दिसतं. आता तो नियम काढा आणि सर्वांत मागच्याला दोन फासे टाकून मोठं दान घेऊ द्या. त्याची सरासरी जवळपास ४.४७ होते आणि सोंगट्या शेवटपर्यंत एकमेकींना धरून राहतात. पण सुरुवातीच्या आघाडीची किंमतही घसरते. कागदावर ओळ बदलली एकच, आणि डावाची चवच पालटली.

या सरावात हमखास बिघडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. गट एका दमात तीन नियम बदलतो, मग फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. एका फेरीत एकच बदल, आणि तो खेळण्याआधी लिहून काढलेला, हा दंडक पाळावाच. दुसरी चूक म्हणजे नियम रचणारा शेजारी उभा राहून समजावत बसतो. त्याला बोलू देऊ नये. नवख्या गटाला फक्त लिखित नियम द्यावेत आणि ते कुठे अडतात तेवढं टिपावं. ‘मजा आली का?’ असं विचारलं की बहुतेक जण भिडेखातर हो म्हणतात. ‘शेवटची चाल तीच का केलीत?’ याचं उत्तर उपयोगी पडतं.

एमडीएच्याच सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये राइट (RITE) ही चाचणीपद्धत आकाराला आली. २००२ च्या शोधनिबंधात ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या शिकवणीच्या भागावर तिचा वापर नोंदलेला आहे. अडचणीचं कारण स्पष्ट असेल तर एकाच खेळाडूनंतरही दुरुस्ती करायची आणि पुढच्या खेळाडूंवर ती पडताळायची. यासाठी बदलाचा निर्णय घेऊ शकणारा माणूस चाचणीला हजर लागतो. तो नसेल तर नुसती अडचणींची यादी वाढत जाते. पडताळणी गाळली, तर दुरुस्तीने नवा घोळ घातला तरी पत्ता लागत नाही.

२००९ मध्ये ग्लोबल गेम जॅम सुरू झाला आणि ४८ तासांत गेम करण्याची रीत जगभर गेली. २०१४ मध्ये टोरंटोत ‘काय प्ले’ (CHI PLAY) ही खेळ आणि परस्परसंवाद यांवरची परिषद सुरू झाली. अशा परिषदांच्या कार्यशाळांमध्ये आता पुठ्ठ्याच्या सोंगट्यांच्या जोडीला सेन्सर आणि हेडसेटही असतात. त्यांनी नवी डोकेदुखी आणली आहे: व्हिडिओचं घड्याळ वेगळं, गेमच्या नोंदींचं वेगळं. खेळाडू नेमका कोणत्या क्षणी गोंधळला, हे नंतर जुळवता येत नाही. म्हणून सत्राच्या आरंभी आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एक बटण दाबतात आणि तोच क्षण नोंदींमध्येही उमटू देतात. शेवटची खूण गाळू नये, कारण लांबलेल्या सत्रात दोन घड्याळं एकमेकांपासून किती सरकली, हे तिच्यावरूनच मोजता येतं.