सोप्या इंग्रजीचा अमेरिकी कायदा आणि त्यातून सुटलेले नियम

सरकारी इंग्रजीबद्दलची कुरकुर अमेरिकेत जुनीच आहे. 1942 साली हवाई हल्ल्याच्या वेळी सरकारी इमारती अंधारात कशा ठेवाव्यात, याचा एक अगडबंब आदेश अध्यक्षांसमोर आला. जिथे काम थांबवता येत नाही तिथे खिडक्यांवर काहीतरी टाका, बाकी ठिकाणी दिवे घालवा, एवढंच लोकांना सांगा, असं म्हणून त्यांनी तो निकालात काढला.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात तक्रारीचा रोख बदलला. भाषा अवघड आहे यापेक्षा ती लपवाछपवी करते, हे लोकांना जास्त खुपू लागलं. इंग्रजीच्या शिक्षकांच्या एका संघटनेने 1974 साली अशा भाषेसाठी उपरोधिक पुरस्कार सुरू केला. पहिला मान कंबोडियातल्या दूतावासातील एका हवाईदल अधिकाऱ्याला मिळाला. तुम्ही सारखं बॉम्बिंग, बॉम्बिंग लिहिता; हे बॉम्बिंग नाही, एअर सपोर्ट आहे, असं त्याने पत्रकारांना ऐकवलं होतं. गंमत अशी, की सोपेपणाच्या कुठल्याही कसोटीला त्याचं बोलणं उतरलं असतं. पुढचे सगळे आदेश आणि कायदे मात्र सोपेपणापाशीच थांबले.

1978 च्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी खात्यांचे नियम शक्य तितके सोपे लिहायला सांगितलं. 1981 मध्ये नव्या अध्यक्षांनी तो आदेशच रद्द केला. 1998 च्या फर्मानात सोप्या भाषेची सक्ती नागरिकांसाठीच्या कागदपत्रांबरोबर नव्या नियमांनाही होती. 2010 साली सोप्या भाषेचा कायदा झाला, तेव्हा नेमके हे नियम बाहेर राहिले. लाभ वा सेवा कशी मिळवायची, कर कसा भरायचा, सरकारी अटी कशा पाळायच्या, हे सांगणारी कागदपत्रं सोप्या भाषेत हवीत. नियमांना ती सक्ती नाही.

नियमांतल्या शब्दांचे अर्थ न्यायालयांत घासून पक्के झालेले असतात, त्यांना हात लावला तर नवे वाद उभे राहतात, असा युक्तिवाद अशा वेळी होतो. तो अगदीच पोकळ नाही. पण याने माणसाची पंचाईत होते. करदात्याच्या हातात सुबोध पत्रक पडतं. वाद कोर्टात गेला की पत्रकातलं वाक्य बाजूला राहतं आणि मूळ कायदा नि नियमाचा कीस काढला जातो. शिवाय सोप्या भाषेचा कायदा पाळला नाही म्हणून खात्याला न्यायालयात खेचण्याची वाटही याच कायद्याने बंद केली आहे.

2011 मध्ये आणखी एका अध्यक्षीय आदेशात नियमांच्या सोप्या भाषेचा उल्लेख आला, पण आदेश पुढचा अध्यक्ष मागे घेऊ शकतो. नियमांना कायद्याच्या कक्षेत आणणारं विधेयक 2012 मध्ये मांडलं गेलं, ते मंजूर झालं नाही. आज खात्यांना दरवर्षी आपण कायदा किती पाळला याचा अहवाल स्वतःच लिहून स्वतःच्याच संकेतस्थळावर टाकावा लागतो.