बाकाची भेग कोणत्या दिशेने जाते?

काँक्रीटचा बाक तडकला की दोष बसणाऱ्यांच्या वजनाला दिला जातो. आधी भेगेची दिशा पाहावी. वजनाने वाकून तडकलेल्या फळीची भेग आडवी, बहुधा मध्यावर पडते. कडेला समांतर, लांबच लांब भेग दिसली तर आतली सळई गंजली आहे असे खुशाल समजावे.

ताज्या काँक्रीटमध्ये सळईला चुना सांभाळतो. सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच हा चुना, तयार होतो आणि छिद्रांतल्या पाण्याचा सामू (pH) १२.५ ते १३च्या आसपास राहतो. अशा पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि गंज रोखला जातो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो, चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट करतो, सामू ९च्या खाली उतरतो आणि तो थर मोडतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीट दाब सोसते, ताण नाही. म्हणून ते फुटते.

यातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे वर्गमुळाचा नियम. कार्बोनेशनची, म्हणजे चुन्याचे कार्बोनेट झालेल्या थराची, खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, कारण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरसाठी वायूला आधीचा सगळा थर ओलांडावा लागतो. एखाद्या काँक्रीटमध्ये १० मिमी जायला १० वर्षे लागत असतील, तर २० मिमीला ४० लागतात आणि ५ मिमीला जेमतेम अडीच. ओतताना कव्हर ब्लॉक (सळईला साच्यापासून वर धरणारा ठोकळा) सरकून सळई साच्याच्या तळाला टेकली, तर सिमेंट कितीही चांगले असले तरी बाक लवकर जातो. कोपऱ्यात तर वायू दोन बाजूंनी शिरतो.

पूर्ण ओल्या छिद्रांत वायू फार सावकाश सरकतो, पूर्ण कोरड्यात गंजायला पाणीच नसते. आलटून पालटून ओली-सुकी होणारी खालची कड सर्वांत वाईट. पाणी कडेवरून वळून फळीच्या पोटाला चिकटत जाते, म्हणून तिथे कडेपासून सुमारे २५ मिमी आत १० मिमी खोल खाच ठेवावी. सळईवरचे कव्हर, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटची जाडी, मात्र त्या खाचेच्या तळापासून मोजावे. तसे न मोजण्याची चूक नकाशातच होते. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५च्या आत ठेवावे, किमान सात दिवस पाणी मारावे, आणि बैठकीला थोडा उतार द्यावा.

‘एकदा लावा, आयुष्यभर देखभाल नको’ असे म्हणत विकले जाणारे लेप गंज सुरू झालेल्या बाकावर लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. त्याआधी ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारे रसायन शिंपडावे: गुलाबी झाले तिथे चुना शाबूत आहे, रंग न आलेला भाग संपला. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर नुसता गिलावा काही पावसाळ्यांत पुन्हा सुटतो. सळईच्या मागेही सुमारे २० मिमी काँक्रीट काढून, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासूनच नवा मसाला भरावा.