डिस्क गेली, सर्व्हर गेला, तरी एडिट चालू : क्लस्टर स्टोरेजची पार्श्वभूमी

अंधेरी-गोरेगावच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यांत चालणाऱ्या पोस्ट-प्रॉडक्शनचं फुटेज बरीच वर्षं टेपवर असे. एखादी बीटाकॅम खराब झाली तर तेवढीच टेप जाई, बाकीचं कपाट शाबूत राही. फुटेज डिस्कवर आलं आणि ही सोय संपली. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फुटेजचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी; एका डिस्कवर कपाटभर कॅसेट मावू लागल्या, आणि डिस्क बसली की सगळ्या एकदम जाऊ लागल्या. तेव्हापासून या क्षेत्रात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: काय बंद पडलं तरी काम थांबता कामा नये?

पहिलं उत्तर डिस्कपुरतं होतं. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक म्हणून वापरण्याची, मांडणी केली. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या हिशेबाला, जाते आणि कुठलीही एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. बराच काळ हे पुरलं. पुढे डिस्कची क्षमता भराभर वाढली, वेग मात्र मागे राहिला. १६ टीबीची बदली डिस्क सेकंदाला २०० एमबीने अखंड लिहिली तरी २२ तास लागतात. एडिट चालू असेल तर त्याहून बरेच जास्त. साध्या सॅटा डिस्कच्या स्पेसिफिकेशनमध्ये साधारण १२.५ टीबी वाचनामागे एखादी न वाचता येणारी जागा गृहीत धरलेली असते. ४ टीबीच्या आठ डिस्कच्या रेड ५ मध्ये एक गेली, तर उरलेल्या सात, म्हणजे २८ टीबी, बिनचूक वाचाव्या लागतात. त्यात एकाच लॉटच्या, एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क बऱ्याचदा पाठोपाठच जातात. एवढ्या डिस्कवर रेड ५ लावणं म्हणजे फुटेज पणाला लावणं. दोन डिस्क गेल्या तरी तगणाऱ्या रेड ६ च्या खाली उतरूच नये.

पण रेड कितीही चांगला असला तरी तो असतो एका सर्व्हरच्या पोटात. मदरबोर्ड किंवा कंट्रोलर गेला की डिस्क धडधाकट असून फुटेज अडकतं. सर्व्हरची जोडी लावणं हा सरळ उपाय, आणि त्यातच या विषयातला सर्वांत वाईट बिघाड दडलेला आहे. दोघांमधली केबल तुटली की प्रत्येकाला वाटतं समोरचा मेला. दोघेही मालक होऊन लिहू लागतात. केबल जोडल्यावर दोन वेगवेगळ्या प्रती हाती येतात आणि खरी कुठली, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. १९८३ च्या व्हॅक्सक्लस्टरपासून यावर बहुमत हाच इलाज आहे: प्रत्येक सर्व्हरला एक मत द्यायचं, मतं विषम ठेवायची, आणि अल्पमतात पडलेल्याने स्वतःहून लिहिणं थांबवायचं. नुसतं दोन सर्व्हरचं क्लस्टर (एकत्र काम करणारा संच) कुणी सुचवलं तर तिसरं मत कुठे आहे, हे आधी विचारावं.

२००३ मध्ये गूगलने आपल्या फाइल सिस्टिमची रचना जाहीर केली, २००६ मध्ये सेज वाइल आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ विद्यापीठातून सेफ (Ceph) या स्टोरेज सिस्टिमची. दोन्हींत हिशेब उलटा मांडलेला आहे: यंत्रं मरणारच, म्हणून फाइलचे तुकडे अनेक नोडवर (क्लस्टरमधल्या सर्व्हरवर) पसरवायचे. तीन पूर्ण प्रती ठेवल्या तर जागेचा एक तृतीयांशच वापरता येतो. त्यामुळे मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी ४+२ इरेजर कोडिंग परवडतं: चार तुकडे डेटाचे, दोन पॅरिटीचे, प्रत्येक वेगळ्या नोडवर. मेटाडेटा (कुठली फाइल कुठे आहे याची नोंद) मात्र तीन प्रतींत, एसएसडीवरच ठेवावा. आणि त्या एसएसडीत वीज गेल्यावर लिहिणं पुरं करणारे कपॅसिटर हवेत.

४+२ ला किमान सहा नोड लागतात, पण घ्यावेत सात. सहापैकी एक गेला तर सहावा तुकडा ठेवायला जागाच उरत नाही आणि क्लस्टर तो नोड परत येईपर्यंत लंगडत चालतो. सात नोड, प्रत्येकी १६ टीबीच्या १२ डिस्क, म्हणजे कच्ची जागा १३४४ टीबी. एक नोड गमावूनही ८५ टक्क्यांच्या आत राहायचं तर खरी वापरायची जागा सुमारे ६५० टीबी. सेफ ९५ टक्क्यांना लिहिणं बंद करतो, आणि भरलेल्या क्लस्टरला दुरुस्तीपुरतीही मोकळीक नसते. ४के डीपीएक्सची (प्रत्येक फ्रेम वेगळ्या फाइलीत ठेवणाऱ्या फॉरमॅटची) एक स्ट्रीम सेकंदाला ८५० एमबी खाते, म्हणजे १० गिगाबिटच्या लाइनचा दोन तृतीयांश भाग तिनेच भरला. नोडना २५ गिगाबिट द्यावं. जंबो फ्रेम (नेटवर्कवरच्या मोठ्या पॅकेटची मर्यादा) ९००० बाइट केल्यावर एखादा स्विच पोर्ट १५०० वर राहून जातो: साधं पिंग (पोच तपासणारं छोटं पॅकेट) जातं, मोठी पॅकेट गळतात, कॉपी मध्येच लटकते. प्रत्येक जोडीत ८९७२ बाइटचं, तुकडे न होऊ देणारं पिंग चालवलं की चोर सापडतो.

यापुढचा टप्पा खोलीचा, आणि तो मुंबईला फार क्रूरपणे शिकावा लागला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. मिठीकाठच्या कुर्ला-कलिन्यात तळमजले पाण्याखाली गेले. सातही नोड एकाच तळमजल्यावर असतील तर बहुमताला काही अर्थ नाही. रॅक, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि जनरेटरचं पॅनल, तिन्ही वरच्या मजल्यावर हवीत.

१२ ऑक्टोबर २०२० च्या ग्रिड बिघाडात मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबईचीही वीज गेली. म्हणजे दुसरी प्रत नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीत ठेवली तर पुरापासून ती वाचेल, पण तिथला जनरेटर तपासूनच जागा घ्यावी. यूपीएसवर असताना उतरवण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी एडिट मशिनं, मग मेटाडेटा सर्व्हर, मग डिस्कच्या सेवा, शेवटी मॉनिटर (बहुमत सांभाळणाऱ्या सेवा), चालू करताना बरोबर उलटा. त्याआधी नो-आउट फ्लॅग (बंद डिस्कना बाद धरू नये, ही सूचना) लावावा, नाहीतर नोड एकेक करून उठताना क्लस्टर उगाचच तुकड्यांची हलवाहलव सुरू करतो.

चुकून डिलीट केलेला बिन (एडिटमधला क्लिपांचा फोल्डर) सातही नोडवरून एकाच क्षणी जातो, म्हणून स्नॅपशॉट (ठरावीक क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) आणि एलटीओ (डेटा साठवायची) टेप लागतेच. दूरच्या प्रतीकडे स्नॅपशॉट मागाहून पाठवावेत. प्रत्येक राइटसाठी खाडीपलीकडच्या होकाराची वाट पाहिली तर टाइमलाइन अडखळते. १ गिगाबिटच्या लाइनवर दिवसाला जास्तीत जास्त १०.८ टीबी जातात, म्हणून पहिली १०० टीबीची प्रत डिस्कवर भरून गाडीने न्यावी, आणि लाइनवर फक्त रोजचा फरक सोडावा.