रंगीत रत्नांची पारख

रंगीत रत्नांची पारख म्हणजे माणिक, पाचू, नीलम, पुष्कराज असे खडे दागिन्यात घेताना त्यांचा रंग, स्वच्छता, पैलू, वजन आणि त्यांच्यावर झालेली ट्रीटमेंट (रूप सुधारायला केलेली प्रक्रिया) बघून दर्जा ठरवणं. हिऱ्याच्या रंगाला डी ते झेड अशी श्रेणी जगभर चालते, रंगीत खड्यांना मात्र सगळ्यांनी मानलेली अशी एक श्रेणी नाहीये, त्यामुळे दुकानात 'एएए क्वालिटी' म्हणून जे सांगतात ते त्या दुकानाचं स्वतःचं माप असतं.

किमतीत सगळ्यात मोठा वाटा रंगाचा. फार गडद नीलम अंगठीत काळाच दिसतो, आणि माणिक फिका पडत गेला की तो गुलाबी सफायरमध्ये (नीलमच्याच जातीतला गुलाबी खडा) मोजला जातो, भावही उतरतो. पिवळ्या दिव्यात माणिक भलताच खुलतो, त्यामुळे खडा दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघावाच, आणि सुटा खडा मिळत असेल तर छापील कागदावर ठेवून वरून बघावं, मधोमध अक्षरं सरळ वाचता आली तर खालची बाजू उथळ कापलीये, असा खडा मध्ये रिकामा दिसतो, रंग नुसता कडेला राहतो.

डाग, रेषा असल्या म्हणून खडा वाईट ठरत नाही. पाचूत बारीक चिरा जवळजवळ असतातच आणि मोठा, एकदम निर्मळ, गर्द हिरवा पाचू स्वस्तात मिळत असेल तर आधी शंका घ्यावी. म्यानमारच्या मोगोकच्या माणकात रेशमासारख्या बारीक सुया दिसतात. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच केमिस्टने १९०२ साली भट्टीत कृत्रिम माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, तसल्या खड्यात दहा पट भिंगाखाली वाकड्या रेषा किंवा हवेचे बुडबुडे सापडतात, पण रसायन खाणीतल्या माणकाचंच, मोहस मापावर कठीणपणा तोच ९, म्हणून दुधात टाकून बघायचे, घासून बघायचे घरगुती प्रयोग इथे काही कामाचे नाहीत.

आणि खरी फसगत होते ती ट्रीटमेंटमध्ये. 'ओरिजिनल आहे ना?' एवढंच विचारून लोक थांबतात, उत्तर हो येतं आणि ते खोटंही नसतं, कारण ट्रीटमेंट केलेला खडाही मुळात खाणीतलाच असतो! माणिक-नीलम तापवून रंग सुधारणं जुनं आहे, टिकतं, बाजारात चालतं, फक्त न तापवलेल्या चांगल्या खड्याला भाव बराच जास्त असतो. पण चिरांमध्ये शिशाची काच भरलेले माणिक वेगळी गोष्ट आहे, साधारण २००४ नंतर ते बाजारात खूप आले, दिसतात लालभडक आणि स्वच्छ, पण सोनाराने डाग द्यायला (सांधा जोडायला) आच लावली किंवा लिंबाचा रस नुसता लागून राहिला तरी काच खराब होते आणि चिरा उघड्या पडतात, अशा खड्याला तापवलेल्या माणकाचा भाव देणं म्हणजे सरळ नुकसान. पाचूच्या चिरांत तेल भरतात, ते थोडं असेल तर मान्य आहे, मात्र असा पाचू अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवायला देऊ नये.

वजनात कॅरेट धरावं, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्ती सगळीकडे सारखी धरत नाहीत. पाचू माणकापेक्षा बराच हलका, त्यामुळे एकाच वजनाचा पाचू मोठा दिसतो. कुंदनाच्या कामात खड्याखाली चकचकीत डाक म्हणजे पातळ पत्रा लावलेला असतो आणि मागची बाजू बंद, तिथे दिसणारा रंग नेमका किती खड्याचा ते डोळ्यांनी सांगणं अवघड.

बीआयएस हॉलमार्क फक्त सोन्या-चांदीच्या शुद्धतेचा असतो, खड्याचा नाही. महागड्या खड्याला स्वतंत्र लॅबचं सर्टिफिकेट हवंच, मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियात अशी तपासणी होते, आणि त्यात ट्रीटमेंटची ओळ आधी वाचावी. बिलावर सोन्याचं नेट वजन आणि खड्यांचं वजन वेगळं लिहून घ्यावं, नाहीतर खडेही सोन्याच्या भावाने मोजले जातात.