खांद्यावरची रणगाडाविरोधी शस्त्रे (व्हिडिओ गेममधील वास्तवता)

खांद्यावर ठेवून डागायचे रॉकेट लाँचर किंवा धक्कारहित तोफ युद्धाच्या गेममध्ये कितपत खऱ्यासारखी वागते, हा या नोंदीचा विषय आहे. मराठवाड्यात हे शस्त्र बहुतेकांनी पाहिले ते मोबाइलवरच. आधी ‘पब्जी’त आणि २०२१ पासून ‘बीजीएमआय’मध्ये. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणारी पोरे असोत की गावच्या पारावरची, सगळ्यांसाठी ते सरसकट ‘आरपीजी’ असते. फौजेतून रिटायर होऊन गावी आलेला माणूस मात्र ‘आरएल’ (रॉकेट लाँचर) म्हणतो. त्याच्या मनात असते ती ८४ मिमी कार्ल गुस्ताफ, मूळची स्वीडनची आणि १९७६ पासून भारतीय सैन्यात असलेली. आरपीजी-७ हे १९६१ मध्ये सोव्हिएत सैन्यात दाखल झालेले वेगळेच शस्त्र. गेममध्ये दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

गेमवाले शस्त्राचे तोंड हुबेहूब काढतात, शेपूट विसरतात. दौलताबादची मेंढा तोफ खांद्यावरून डागता येत नाही, ती केवळ वजनामुळे नव्हे. गोळा पुढे सुटला की तेवढाच धक्का तोफेला मागे बसतो. कार्ल गुस्ताफमध्ये जळत्या दारूचा वायू नळीच्या मागच्या तोंडातून सोडून हा धक्का फेडला जातो, म्हणून माणसाचा खांदा शाबूत राहतो. मागे उभ्या असलेल्याचे मात्र हाल होतात. आरपीजी-७ च्या मागे साधारण ३० मीटरपर्यंत कोणी नसावे आणि दोन मीटरच्या आत भिंत नसावी, असा दंडक आहे. हेच शस्त्र ऐन मे महिन्यात परभणीकडच्या नांगरलेल्या काळ्या रानातून डागले असे समजा. ढेकळांचा भुगा उडून असा लोट उठेल की डागणारा कुठे बसलाय हे दोन शिवांपलीकडून कळेल. त्यामुळे डागले की जागा सोडायची, हा खऱ्या शस्त्राचा पहिला धडा. गेममधला गडी मात्र दहा बाय दहाच्या खोलीत, पाठीशी भिंत आणि मागे तीन सोबती घेऊन खिडकीतून रॉकेट सोडतो आणि कोणाला खरचटतही नाही. संगणकावरच्या पब्जीतला ‘पँझरफाउस्ट’ याला अपवाद आहे. त्याचा मागचा झोत सोबत्यालाही भाजतो. ‘आर्मा ३’ (२०१३) हा वास्तवतेसाठी नावाजलेला गेम, पण त्यातही मागचा झोत आणला तो खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या ‘एस’ (ACE) या मॉडने, म्हणजे गेमला वरून जोडायच्या भरीने.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आरपीजीचे रॉकेट नळीतून सेकंदाला सुमारे १२० मीटर वेगाने निघते, मग त्याची मुख्य मोटर पेटते आणि वेग ३०० मीटरच्या आसपास जातो. मोटर जळत असताना आडवा वारा शेपटीच्या पंखांना ढकलतो, म्हणून रॉकेटचे नाक वाऱ्याकडे वळते आणि वारा जिकडून येतो तिकडेच ते चढत जाते. बंदुकीच्या गोळीच्या नेमके उलटे! सवयीने वाऱ्याकडे नेम सरकवणारा हमखास चुकतो. अमेरिकी सैन्याने १९७० च्या दशकात केलेल्या मूल्यमापनात ताशी ११ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १८० मीटरवरचा पहिला नेम निम्म्याहून अधिक वेळा लागेल अशी आशा धरू नये, असे निघाले. मृगाच्या आधी आपल्याकडे सुटणारा वारा याहून जोरात असतो. बहुतेक गेममध्ये मात्र वारा झाडाची पाने हलवण्यापुरताच असतो. ‘स्क्वॉड’सारख्या गेममध्ये निदान अंतराचा अंदाज घेऊन दुर्बिणीच्या खुणांवर नेम धरावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे रणगाड्याची ‘हेल्थ’. समोरून चार रॉकेट, मागून दोन, की गाडी खलास, हा गेमचा हिशोब. प्रत्यक्षात या रॉकेटच्या डोक्यात तांब्याचा पोकळ शंकू असतो. स्फोट होताच तो उलटा होऊन धातूची सुईसारखी धार बनते आणि सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने चिलखतात घुसते. ही धार रॉकेटच्या वेगावर अवलंबून नसल्याने ५० मीटरवर जेवढे भेदते तेवढेच ३०० मीटरवर. चिलखत भेदले तर आत दारूगोळा लागतो, इंधन लागते की माणूस, त्यावर पुढचे ठरते. भेदले नाही तर रंग तेवढा जळतो. शेताच्या जाळीच्या कुंपणासारखी साधी जाळीसुद्धा आरपीजीच्या नाकातले विजेचे मंडल बिघडवून ते निकामी करू शकते. हे अवयवनिहाय नुकसान ‘वॉर थंडर’ बऱ्यापैकी दाखवतो.

मोबाइलवरच्या पब्जीतल्या ‘पेलोड’ या खेळप्रकारात तर नावापासूनच गंमत आहे. तिथले ‘एम३ई१-ए’ गाडीवर लॉक होऊन तिचा पाठलाग करते. खरे एम३ई१ म्हणजे कार्ल गुस्ताफचीच हलकी अमेरिकी आवृत्ती, आणि तिचा नेहमीचा गोळा नेम धरला तिकडेच जातो. लॉक करून सोडायचे काम जॅव्हेलिनसारख्या क्षेपणास्त्राचे. त्याला आधी लक्ष्याची उष्णता ओळखणारा डोळा थंड करून घ्यावा लागतो.

वजनाबद्दल फार लिहायला नको. कार्ल गुस्ताफची जुनी एम२ आवृत्ती १४ किलोंची, गोळे वेगळे. म्हणून तिला दोन माणसे लागतात. गेममधला एकटा ती पाठीला लावून बस चुकल्यासारखा पळतो. आवाजाचेही तसेच. खऱ्या शस्त्राचा दाब कानाला आणि मेंदूला इतका बाधतो की सरावात दिवसाकाठी किती गोळे डागायचे यावर बंधन असते. इअरफोनमध्ये तो नुसता ‘धडाम’ होतो.

हे सारे ज्याच्यावर डागायचे तो रणगाडा मात्र आपल्याला फार लांब नाही. आष्टीहून २०२२ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने अहिल्यानगर गाठले की तिथे घोडदळ रणगाडा संग्रहालय आहे. पाकिस्तानकडून पकडून आणलेल्या पॅटन रणगाड्याच्या पुढच्या उतरत्या पत्र्याला तिथे हात लावून पाहता येतो. उन्हात तो तव्यासारखा तापलेला असतो.