डेस्कटॉपवरच्या फाइली गेल्या कुठे? क्लाउड ड्राइव्हच्या कटकटींमागची गोष्ट

कॉम्प्युटरवर क्लाउड ड्राइव्ह (ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह असलं काही) टाकला की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. डेस्कटॉपवरच्या फाइली गायब झाल्या, एकाच फाइलच्या दोन कॉप्या झाल्या, नेट नसताना फाइल उघडतच नाही, जागा संपली म्हणतंय. मग कोणीतरी सांगतं रीसेट मार, कोणी म्हणतं अनइन्स्टॉल करून परत टाक, कधीकधी ते चालतंही. पण हे मुळात होतं का ते कळायला जरा मागे जावं लागतं, कारण ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच बनाव आहे: फाइल असते लांब कुठेतरी पण दिसायला ती आपल्याच फोल्डरमध्ये.

फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवणं तसं जुनंच. एफटीपीचा (म्हणजे फाइल पाठवायच्या नियमांचा) पहिला मसुदा १९७१ मध्ये अभय भूषण ह्यांनी एमआयटीत असताना लिहिला (हो, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे). पण त्यात पाठवायचं पण तुम्ही आणि आणायचं पण तुम्ही, कुठली कॉपी ताजी हे लक्षात ठेवायचं कामही तुमचंच. फोल्डर जवळचा वाटला पाहिजे ही कल्पना ८० च्या दशकात रुजली. सन कंपनीचं एनएफएस, लांबच्या मशीनवरचा फोल्डर आपलाच असल्यासारखा दाखवणारं, १९८४ चं, त्यात नेटवर्क अडकलं की प्रोग्रामही लटकायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँड्र्यू फाइल सिस्टीमने वेगळा रस्ता धरला, फाइल उघडली की अख्खी आपल्या डिस्कवर यायची आणि बंद केली की बदललेली परत वर जायची.

मग तिथेच महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या टीमने १९८७ पासून कोडा नावाची सिस्टीम बनवायला घेतली, आणि माझ्या मते आजच्या क्लाउड ड्राइव्हचा खरा आजोबा हाच. नेट तुटलं तरी काम चालू ठेवा, जोडलं की बदल वर चढवू, असा त्याचा हिशोब. आता नेट तुटलेलं असताना दोघांनी एकच फाइल दोन ठिकाणी बदलली तर खरी कुठली? शहाण्या लोकांनी डोकं लावूनही ह्याचं सगळीकडे लागू पडेल असं उत्तर निघालं नाही, कारण ते मशीनला माहीतच नसतं. कोडा शेवटी हात वर करायचा आणि म्हणायचा तूच बघ बाबा. आज ड्रॉपबॉक्स फाइलच्या नावापुढे कॉन्फ्लिक्टेड कॉपी असं चिकटवून ठेवतो तो तोच प्रकार, म्हणजे तो बग नाहीये, उलट कोणाचंही काम पुसलं जाऊ नये म्हणून घेतलेली खबरदारी आहे. दोन्ही फाइली उघडून बघितल्याशिवाय त्यातली एक उडवू नका.

विंडोज ९५ मध्ये माय ब्रीफकेस होती, आठवत असेल तर. फाइली तिच्यात टाकायच्या, फ्लॉपीवर न्यायच्या, आल्यावर अपडेट दाबायचं. दाबायला विसरलात की संपलं.

नेटवरच्या डिस्क १९९९-२००० च्या सुमारास आल्या, एक्सड्राइव्ह, याहू ब्रीफकेस, ॲपलची आयडिस्क. आयडिस्कला २० एमबी फुकट मिळायचे, आता हसू येतं, पण ५६ केबीपीएसच्या मोडेमचा वर चढवायचा वेग फार तर ३३.६, म्हणजे ते २० एमबी भरायलाच सव्वा तासाच्या वर. ब्राउझर उघडा, फाइल निवडा, अपलोड दाबा, वाट बघा, हे रोज कोण करणार? एक्सड्राइव्ह आणि याहू ब्रीफकेस दोन्ही २००९ मध्ये बंद पडल्या. मधल्या काळात १ एप्रिल २००४ ला जीमेल १ जीबी घेऊन आलं आणि लोक स्वतःलाच फाइली मेल करायला लागले, काहींनी तर जीमेल ड्राइव्हसारखं दिसेल असे जुगाड प्रोग्राम पण लिहिले. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने एस३ काढलं, वापरू तेवढ्या जागेचं भाडं, त्यामुळे स्टोरेज सर्व्हिस काढायला स्वतःची सर्व्हर-खोली बांधायची गरज उरली नाही.

त्याच एस३ वर ड्रॉपबॉक्स उभा राहिला. ड्रू ह्यूस्टन पेनड्राइव्ह विसरून बसमध्ये बसला आणि तिथेच कोड लिहायला लागला ही गोष्ट तो स्वतः सांगतो. २००७ मध्ये अराश फिरदौसीबरोबर कंपनी, सप्टेंबर २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं. नवीन काय तर अपलोडचं बटणच काढून टाकलं! साधा फोल्डर, त्यात टाकलं की झालं. आतून फाइलचे ४ एमबीपर्यंतचे तुकडे होतात, प्रत्येकाचा ठसा (आतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढतात आणि बदललेला तुकडाच वर जातो. पण ह्या सोपेपणाची किंमत पण आहे, एका मशीनवर डिलीट केलं की सगळीकडून डिलीट. सिंक (सगळ्या मशीनवर एकसारखं ठेवणं) म्हणजे बॅकअप (वेगळी जपून ठेवलेली कॉपी) नव्हे हे वाक्य ऐकून ऐकून कंटाळा आला असेल, पण मी स्वतः एकदा जुन्या लॅपटॉपवर जागा करायला म्हणून अख्खा फोल्डर उडवला आणि नव्या लॅपटॉपवरचा पण गेला, तेव्हा ते डोक्यात शिरलं. ट्रॅशमधून मिळालं परत. ते तिथेही कायमचं नसतं हं, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पूर्वी फाइल पडून राहायची, ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनी आपोआप जाते.

मायक्रोसॉफ्टची वाट जरा वाकडीच. २००५ मध्ये फोल्डरशेअर नावाची सिंकची सर्व्हिस विकत घेतली, २००७ मध्ये स्कायड्राइव्ह काढलं, वर लाइव्ह मेश नावाची आणखी एक सिंकची सर्व्हिस वेगळीच, २०१४ मध्ये ब्रिटनच्या स्काय कंपनीशी नावावरून झालेल्या खटल्यानंतर स्कायड्राइव्हचं नाव झालं वनड्राइव्ह. नाव सोडा, खरा गोंधळ फाइलीच्या सावल्यांचा. विंडोज ८.१ मध्ये २०१३ साली अशी सोय आली की फोल्डरमध्ये सगळ्या फाइली दिसतील पण डिस्कवर नसतील, उघडली की उतरेल. लोकांना वाटलं फाइल आहे, प्रवासात निघाले, नेट नाही, उघडेना. म्हणून विंडोज १० मध्ये ती सोय काढूनच टाकली, मग ज्यांची डिस्क छोटी त्यांनी आरडाओरडा केला, शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये परत आणली पण ह्यावेळी खुणा लावून. निळा ढग म्हणजे फाइल फक्त वर आहे, पांढऱ्या गोलातली हिरवी टिक म्हणजे उतरलीय पण जागेसाठी परत वर ढकलली जाऊ शकते, आणि भरलेला हिरवा गोल म्हणजे इथेच ठेवायचं तुम्ही सांगितलंय. प्रवासाला निघायच्या आधी राइट क्लिक करून तो भरलेला गोल आणायचा, एवढं केलं तरी पुरतं.

आता डेस्कटॉप गायब होण्याचं. २०१८ पासून वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर स्वतःच्या फोल्डरच्या आत हलवायला लागलं आणि त्याला नाव दिलं बॅकअप. नाव चुकलंय असं माझं स्पष्ट मत, कारण बॅकअप म्हटलं की मूळ जागेवर मूळ राहिलं पाहिजे, इथे मूळच हलतं. सेटअपच्या वेळी घाईत हो हो करत गेलं की हे चालू होतं, नंतर बंद केलं की बरेचदा डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि फाइली वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये आरामात पडलेल्या असतात. आधी तिथे बघा. मॅकवर २०२२ मध्ये वेगळंच झालं, मॅकओएस १२.३ पासून ॲपलने ह्या कंपन्यांना आपल्या नव्या पद्धतीकडे वळवलं आणि फोल्डर लायब्ररीच्या आत क्लाउडस्टोरेजमध्ये गेले, जुना पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) धरून बसलेले प्रोग्राम चाचपडत राहिले.

एखादीच फाइल सिंक होत नसेल तर नाव बघा. कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकन ही चिन्हं विंडोजला नावात चालत नाहीत, मॅकवर किंवा लिनक्सवर यातली बरीच चालून जातात. कॉन (CON), नल (NUL) असली नावं डॉसच्या काळापासून राखीव, आजही. फोल्डरमध्ये फोल्डर करत पूर्ण पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला की बरेच विंडोज प्रोग्राम अडखळतात. लिनक्सवर एका फाइलच्या नावाला मर्यादा २५५ बाइटची आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा पण वेगळ्या मोजायच्या, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपवायचं.

रीसेट किंवा अकाउंट डिस्कनेक्ट करण्यापूर्वी मात्र थांबा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या ८४ नंबरच्या आवृत्तीत काही लोकांच्या फाइली दिसेनाशा झाल्या तेव्हा गूगलने पहिली सूचना दिली ती हीच, की डिस्कनेक्ट अकाउंट दाबू नका. जे अजून वर गेलेलंच नाही ते फक्त तुमच्या मशीनवर, ॲपच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) असू शकतं. आधी वेबवर लॉगिन करून बघायचं काय काय पोचलंय, राहिलेलं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं, मग खुशाल रीसेट मारा.